व्हिडिओवरून रुग्ण पाहायला सुरुवात करताय? कोल्हापुरातील एका डॉक्टरच्या अनुभवातून काही पायऱ्या

२०२१ च्या मे महिन्यात गगनबावडा तालुक्यातील एका वाडीवरून एका नातवाने आजीसाठी व्हिडिओ कॉल लावला आणि पहिल्याच वाक्यात सांगितले, “डॉक्टर, ऑक्सिजन शहाऐंशी हाय.” त्या दिवसांत असा आकडा कानावर पडला की हात आपोआप १०८ क्रमांकाकडे वळत असे. परंतु पडद्यावरची आजी जोत्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि न थांबता, एका दमात म्हणत होती, “ह्या पोराला उगंच घाई, मला काय बी झालेलं न्हाई.” मी नातवाला फोन आजीच्या बोटाजवळ न्यायला सांगितला, तेव्हा उलगडा झाला. तो आजीच्या समोर बसून मशीन वाचत होता, आणि इंग्रजी आकड्यांतील ९८ उलट्या बाजूने पाहिले की बरोबर ८६ दिसते.

मी पेशाने फिजिशियन आहे. दवाखाना कोल्हापूर शहरात असला, तरी रुग्ण राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड आणि थेट चंदगडपर्यंतचे आहेत. टाळेबंदीत नाइलाजाने सुरू केलेले व्हिडिओवरचे काम पुढे सोयीचे ठरले आणि आज माझ्या आठवड्याचा एक ठरलेला भाग बनले आहे. नव्याने सुरुवात करणारे अनेक तरुण डॉक्टर मला विचारतात की कोणते ॲप घ्यावे. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटचा आहे. आधी ठरवायचे ते हे, की कोणता रुग्ण पडद्यावर पाहायचा आणि कोणाला ‘उठा आणि निघा’ असे सांगायचे. पुढील सर्व पायऱ्या या एका निर्णयाभोवती रचलेल्या आहेत.

१. नियम एकदा स्वतः वाचून काढा

देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी काम पाहणाऱ्या प्रशासक मंडळाने नीती आयोगाच्या सहकार्याने ‘टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स’ जाहीर केल्या आणि त्या डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांना जोडल्या गेल्या. तोपर्यंत या विषयात स्पष्ट नियम नव्हते. २०१८ मध्ये फोनवरून औषधे सांगितल्याचे एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हापासून तर आपल्याकडील अनेक डॉक्टर फोनवर साधी तापाची गोळी सांगायलाही कचरत असत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे आचरण नियम आणले, पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि आपण पुन्हा २००२ च्या नियमांकडेच आलो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या व्यावसायिकांसाठी त्यांच्या परिषदांची मार्गदर्शक तत्त्वे वेगळी आहेत. त्यांनी ती पाहावीत.

टेलिमेडिसिनच्या या मार्गदर्शक तत्त्वांचा मूळ मजकूर मोठा नाही, एका दुपारी वाचून होतो. त्यातील ज्या गोष्टी रोज उपयोगी पडतात त्या अशा: नोंदणीकृत डॉक्टर भारतातील कोणत्याही भागातील रुग्णाला व्हिडिओवर पाहू शकतो, मात्र देशाबाहेरील सल्ला या तत्त्वांच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे दुबईत नोकरीला गेलेला जुना रुग्ण आपुलकीने कॉल करतो, तेव्हा त्याला तिथल्या डॉक्टरकडे जायला सांगणे हेच योग्य. प्रत्यक्ष भेटीला जे आचारनियम लागू होतात तेच इथेही लागू असतात. रुग्णाला प्रत्यक्ष यायचे असेल, तर व्हिडिओचा आग्रह धरता येत नाही. संगणकीय प्रणालीने रुग्णाला परस्पर सल्ला किंवा औषध देणे मान्य नाही. ती डॉक्टरला मदत करू शकते, इतकेच. टेलिमेडिसिनसाठी एक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करण्याची अटही त्यात आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

सुरुवात करण्यापूर्वी पुढील कागद एका फाइलमध्ये तयार ठेवा:

- महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र, नूतनीकरण चालू असलेले
- नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि दवाखान्याचा पत्ता छापलेले प्रिस्क्रिप्शनचे लेटरहेड
- फीची पावती देण्याची सोय, छापील किंवा संगणकावरची
- रुग्णाच्या माहितीचा आणि संमतीचा मराठीतील एक पानी नमुना
- व्यावसायिक विमा पॉलिसीची प्रत. तिच्यात व्हिडिओवरील सल्ल्याचा समावेश आहे का, हे एजंटला तोंडी न विचारता लेखी विचारून घ्या

नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असतोच, पण तो पावतीवर आणि ज्या व्हॉट्सॲप क्रमांकावरून रुग्णांशी बोलता त्याच्या प्रोफाइलवरही दिसायला हवा. बहुतेक जण नेमके हेच विसरतात.

२. कोणाला पडद्यावर पाहायचे नाही, ते आधी लिहून काढा

ही यादी डोक्यात ठेवून चालत नाही, कारण समोर ओळखीचा रुग्ण गयावया करू लागला की डोक्यातली यादी विरघळते. मी ती कागदावर लिहून फोनच्या स्टँडमागे चिकटवली आहे: छातीत दुखणे किंवा भरून आल्यासारखे वाटणे, नव्याने लागलेली धाप, एकाएकी तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळा पडणे, झटका, शुद्ध हरपणे किंवा तापात गुंगी, सर्पदंश, गरोदरपणातील रक्तस्राव, दूध न ओढणारे तान्हे मूल आणि पोटदुखी.

पोटदुखी या यादीत माझ्या चुकीमुळे आली. कागल तालुक्यातील एका बारा वर्षांच्या मुलाच्या आईने ‘जत्रेतलं अरबट-चरबट खाल्लंय’ असे सांगितले आणि मुलगाही खाटेवर पडून का होईना, पण हसत बोलला. मी पित्ताचे औषध दिले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्याला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल करावे लागले. मुलगा बरा झाला, आईवडिलांनी एका शब्दाने दोष दिला नाही, पण त्या पोटाला माझा हात लागला असता तर निदान एक दिवस आधी झाले असते, हे मला नाकारता येत नाही. तेव्हापासून कितीही किरकोळ वाटली तरी नवी पोटदुखी मी पडद्यावर तपासत नाही.

याच्या उलट असाही अनुभव येतो की नुसत्या फोनवर जे कळले नसते ते व्हिडिओवर दिसते. पन्नाशीतले एक शेतकरी ‘पित्त उसळलंय, गोळी सांगा’ म्हणत होते. बोलणे शांत, चेहराही ठीक. पण ‘कुठे जळजळते’ असे विचारताच त्यांनी बोट न दाखवता मूठ आवळून छातीच्या मधोमध ठेवली. ही खूण आपण सर्वांनी पुस्तकात वाचलेली असते. मी बोलणे तिथेच थांबवून त्यांना मुलासोबत जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढायला पाठवले आणि तो हृदयविकाराचा झटकाच निघाला.

असा रुग्ण कॉलवर आला, तर ‘हे माझे काम नाही’ म्हणून कॉल बंद करायचा नसतो. तात्काळ करण्याचा प्रथमोपचार सांगणे, कुठे न्यायचे ते सांगणे आणि गाडी निघेपर्यंत सोबत राहणे, एवढे आपल्याला करता येते आणि मार्गदर्शक तत्त्वांतही तेच अपेक्षित आहे. त्यासाठी तालुकावार यादी हवी: ईसीजी कुठे निघतो, सर्पदंशावरील लस कोणत्या ग्रामीण रुग्णालयात मिळते, रात्री डॉक्टर कुठे असतो. सगळ्यांना सरसकट ‘सीपीआरला या’, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात या, असे सांगणे सोपे असते, पण चंदगडच्या माणसासाठी कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर आहे. त्याला गडहिंग्लज किंवा बेळगाव जवळ पडते.

मग पडद्यावर पाहायचे कोणाला? मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइडचे जुने रुग्ण, रिपोर्ट दाखवायला येणारे, शस्त्रक्रियेनंतरची जखम दाखवणारे, त्वचेच्या साध्या तक्रारी आणि ज्यांना मुख्यतः बोलायचे आहे असे रुग्ण. एका कागदावर सही घेण्यासाठी दोन एसट्या बदलून दिवस आणि रोजगार बुडवणाऱ्या माणसाची ती खेप वाचते, हा या पद्धतीचा खरा फायदा आहे.

३. जागा आणि साधने

यावर फार खर्च करू नका. फोनचा स्टँड, माइक असलेले इअरफोन, केसपेपर पाहण्यासाठी दुसरा फोन किंवा संगणक, आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढे पुरते. खिडकी पाठीमागे असेल, तर रुग्णाला तुमची नुसती काळी आकृती दिसते. उजेड समोरून यायला हवा. तारेचे इंटरनेट आणि मोबाइल डेटा अशी दोन्ही सोय ठेवा आणि राउटर इन्व्हर्टरवर जोडून घ्या. दवाखान्याचे दार बंद ठेवा, कारण कंपाउंडर मध्येच डोकावला की पलीकडची बाई बोलायची थांबते.

एक सवय मात्र प्रयत्नपूर्वक लावावी लागते. आपण पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहतो, तेव्हा रुग्णाला आपली नजर खाली झुकलेली दिसते आणि डॉक्टरांचे लक्ष दुसरीकडे आहे असे त्याला वाटते. बोलताना कॅमेऱ्याकडे पाहा, ऐकताना पडद्याकडे. लिहायला खाली वाकाल तेव्हा ‘मी लिहून घेतोय’ असे तोंडाने सांगा.

ॲपविषयी थोडक्यात सांगतो. रुग्णाच्या फोनमध्ये आधीपासून जे असेल ते उत्तम. सत्तरीच्या आजोबांना नवे ॲप उतरवून घ्यायला लावणे व्यर्थ आहे. मी सुरुवातीला एका ॲप कंपनीशी करार केला होता. तिने प्रत्येक कॉलला मिनिटे ठरवून दिली आणि मी बाहेर पडलो तेव्हा माझ्याच रुग्णांच्या नोंदी मला परत द्यायला खळखळ केली. करार करणारच असाल, तर नोंदी कोणाच्या मालकीच्या आणि त्या कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे कलम सहीपूर्वी वाचा. सरकारी सेवेत असाल, तर ‘ई-संजीवनी’ ही केंद्र सरकारची सेवा तयारच आहे. तिच्यावर २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत दहा कोटींहून अधिक सल्ले नोंदवले गेले होते.

४. वेळ आणि फी

आपल्या जिल्ह्यातील घरांचा दिवस दुधाभोवती फिरतो. सकाळी धार काढून डेअरीत दूध घालणे आणि सायंकाळी पुन्हा तेच, या दोन वेळांत कॉल ठेवला तर रुग्ण गोठ्यातून बोलतो आणि म्हैस मध्येच हंबरते. मी दुपारी दोन ते चार ही वेळ ठेवली आहे, आणि प्रत्यक्ष ओपीडीच्या गर्दीत व्हिडिओ कॉल कधीही घेत नाही. दोन्हीकडचे रुग्ण नाराज होतात.

फी घेताना संकोच करू नका. ‘फोनवर बोलायचे कसले पैसे?’ हा प्रश्न येणारच, आणि त्यावर वाद घालण्यापेक्षा नाव नोंदवतानाच रक्कम सांगणे बरे. मी प्रत्यक्ष भेटीइतकीच फी आगाऊ घेतो, पावती देतो, आणि कॉलवर पाहून रुग्णाला प्रत्यक्ष बोलावले तर तीच फी त्या भेटीत धरतो. या शेवटच्या सवलतीचा फायदा डॉक्टरलाच अधिक होतो: पैसे घेतले आहेत म्हणून काहीतरी औषध दिलेच पाहिजे, हे दडपण राहत नाही.

५. पहिली दोन मिनिटे

आधी स्वतःचे नाव आणि पदवी सांगा, मग रुग्णाचे नाव, वय, पत्ता आणि फोन क्रमांक विचारा. रुग्ण अल्पवयीन असेल, तर सोबत प्रौढ व्यक्ती हवी आणि ती कोण, हे नोंदवायला हवे. रुग्णाने स्वतः कॉल केला असेल, तर त्याची संमती गृहीत धरली जाते. तुम्ही किंवा आशाताईंनी कॉल लावला असेल, तर मात्र ती स्पष्टपणे घ्यावी लागते. ‘मी व्हिडिओवर तपासून घ्यायला तयार आहे’ एवढे वाक्य संदेशात लिहून घेतले किंवा तोंडी घेऊन केसपेपरवर टिपले तरी पुरते.

यानंतरचा प्रश्न कोणत्याही नमुन्यात सापडत नाही, पण मी तो कधीही चुकवत नाही: “आत्ता तुम्ही नेमके कुठे आहात?” केसपेपरवर पत्ता शिवाजी पेठेचा असतो आणि रुग्ण बहिणीकडे आजऱ्याला गेलेला असतो. कॉल चालू असताना काही बिघडले, तर रुग्णवाहिकेला सांगायला गाव, वाडी आणि जवळची खूण हाताशी हवी. दुसरा एक फोन क्रमांकही त्याच वेळी घ्या, शक्यतो शेजारचा.

६. पडद्यावरून तपासणी

आपण हात लावू शकत नाही, वास घेऊ शकत नाही आणि छातीला स्टेथोस्कोप लावू शकत नाही. तरीही बरेच काही पाहता येते. त्यासाठी रुग्णाच्या नातेवाइकाला पाच मिनिटांपुरता आपला सहाय्यक बनवावे लागते.

*श्वास.* मोठ्या माणसाला एक लांब वाक्य बोलायला सांगा. तो मध्ये दम घेण्यासाठी थांबतो का पाहा. त्यानंतर सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, आणि मोजत आहोत हे सांगू नका, कारण सांगितले की श्वासाची गती बदलते. लहान मूल शांत असतानाच मोजा: दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील, तर ते मूल प्रत्यक्ष तपासणीसाठी गेले पाहिजे. पडदा अडखळत असेल, तर ही मोजणी विश्वासार्ह नाही. तेव्हा आईला मुलाच्या पोटाकडे पाहत मोठ्याने ‘एक, एक, एक’ म्हणायला सांगा आणि तुम्ही घड्याळ पाहून मोजा.

*कावीळ आणि फिकेपणा.* पिवळ्या बल्बखाली सगळेच पिवळे दिसते आणि फोनचा कॅमेरा रंग आपल्या मर्जीने बदलतो. रुग्णाला अंगणात किंवा खिडकीशी आणा, खालची पापणी ओढून वर पाहायला सांगा आणि शेजारी एक पांढरा कागद धरायला लावा, म्हणजे रंगाची तुलना करता येते. एवढे करूनही पडद्यावरून रक्त कमी आहे की नाही हे मी ठरवत नाही. सरळ तपासणी लिहून देतो.

*सूज.* नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरायचा आणि उचलल्यावर खळगा कॅमेऱ्याला दाखवायचा. तिरप्या उजेडात खळगा स्पष्ट दिसतो, समोरच्या उजेडात दिसत नाही.

*चाल.* खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठून दारापर्यंत जाऊन यायला सांगा. अर्ध्या मिनिटाच्या या फेरीतून गुडघे, तोल, अशक्तपणा आणि दम, या चारही गोष्टी कळतात. फोन दुसऱ्याच्या हातात आहे आणि वाटेत काही अडखळण्यासारखे नाही, याची आधी खात्री करा.

*त्वचा.* चालू व्हिडिओपेक्षा साधा फोटो चांगला. दिवसाच्या उजेडात एक जवळून आणि एक लांबून, शेजारी नाणे ठेवून, म्हणजे आकार समजतो. हे फोटो कॉलच्या आधी मागवून घ्या.

*रक्तदाब.* ‘मशीनवर १७० आलंय’ असे सांगणाऱ्या एका काकांना मी पुन्हा मोजायला लावले, तेव्हा दिसले की पट्टा सदऱ्याच्या बाहीवर आहे, हात गुडघ्यावर लोंबतो आहे आणि तोंडात तंबाखूचा बार भरलेला आहे. तंबाखू किंवा चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा, पाच मिनिटे पाठ टेकून बसलेले असावे, पाय जमिनीवर, उघडा दंड छातीच्या पातळीत, मोजताना बोलणे बंद, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजणी. काकांचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली आला. पहिल्या आकड्यावर औषध वाढवले असते, तर ते चार दिवसांत गोठ्यात चक्कर येऊन पडले असते.

*साखर.* हंगामात गुऱ्हाळावर काम करणाऱ्या माणसाच्या बोटाला गूळ चिकटलेला असतो आणि त्याच बोटातून थेंब काढला की आकडा भलताच वाढतो. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजायला सांगा, आणि पट्ट्यांच्या डबीवरची मुदत कॅमेऱ्यासमोर धरायला लावा. याच संदर्भातला एक संवाद मी नव्या डॉक्टरांना हमखास ऐकवतो:

“आईची शुगर किती आली?”
“हाय.”
“हो, पण किती आहे?”
“न्हाई डॉक्टर, नुसतं हायच हाय.”

त्या मशीनवर एच आणि आय ही दोन इंग्रजी अक्षरे आली होती. साखर मशीनच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे बहुतेक मशीनमध्ये ६०० च्या वर, गेली की ती दिसतात. मला हे समजायला अर्धे मिनिट लागले आणि आईंना तासाभरात रुग्णालयात हलवावे लागले. म्हणूनच माझा नियम असा, की कोणताही आकडा कानाने घ्यायचा नाही. मशीन कॅमेऱ्यासमोर सुलटे धरून दाखवायचे. ऑक्सिमीटरवर दोन आकडे असतात आणि नाडीचा आकडा ऑक्सिजन म्हणून सांगितला जाणे रोजचेच आहे. बोट गार असेल किंवा नखाला रंग लावलेला असेल तरीही आकडा फसवतो. आणि आकडा व माणूस यांचा मेळ बसत नसेल, तर आधी माणसाकडे पाहा, मग आकडा पुन्हा घ्या. आकडा दुसऱ्यांदाही वाईटच आला, तर मात्र रुग्ण बरा दिसतो म्हणून त्याला घरी ठेवू नका.

*औषधांची पिशवी.* शेवटी घरातली सगळी औषधे एका ताटात ओतायला सांगा आणि एकेक पाकीट दाखवायला लावा. एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असल्याचे, दोन डॉक्टरांची औषधे एकत्र घेतली जात असल्याचे मला प्रत्यक्ष ओपीडीपेक्षा व्हिडिओवर अधिक वेळा सापडले आहे, कारण दवाखान्यात येताना ही पिशवी घरीच राहते.

७. बोलतो कोण आणि ऐकतो कोण

पुण्यात नोकरीला असलेला मुलगा तिघांचा कॉल जोडतो, आईच्या सगळ्या तक्रारी स्वतःच सांगतो आणि आई मधल्या चौकोनात गप्प बसून राहते. मुलाची कळकळ खरी असते, पण त्याने आईला गेल्या दिवाळीनंतर पाहिलेले नसते. मी त्याला आधी तीन मिनिटे बोलू देतो आणि मग त्याला माइक बंद ठेवून ऐकायला सांगतो. आईला विचारलेला पहिला प्रश्न आजाराचा नसावा. ‘आज जेवायला काय केलंय?’ याचे उत्तर ‘काय न्हाई, कालचीच भाकरी’ असे आले, तर भूक, अशक्तपणा आणि घरातील एकटेपणा या तिन्हींचा धागा हाती लागतो.

स्त्रियांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. एकाच फोनवर सासू, नवरा आणि दोन मुले कॅमेऱ्यात दाटून बसलेली असताना कोणती सून अंगावरून पांढरे जाण्याविषयी किंवा मार खाल्ल्याविषयी बोलेल? तिला इअरफोन लावायला सांगा आणि फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येतील असे प्रश्न विचारा. शेजारच्यांना उत्तर ऐकू येते, प्रश्न ऐकू येत नाही. शंका वाटली, तर ‘तपासणीसाठी प्रत्यक्षच यावे लागेल’ असे सर्वांसमोर सांगून तिला दवाखान्यात बोलवा. पुरुष डॉक्टरने खासगी अवयवांची तपासणी पडद्यावर करू नये आणि तसले फोटोही मागवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

८. प्रिस्क्रिप्शन

मार्गदर्शक तत्त्वांत औषधांच्या याद्या आहेत. ‘ओ’ यादीत पॅरासिटामॉल किंवा ओआरएससारखी साधी औषधे येतात. ‘ए’ यादीतील औषधे पहिल्याच व्हिडिओ भेटीत देता येतात आणि चालू औषध पुढे चालू ठेवणेही तिच्यात बसते. ‘बी’ यादीतील औषधे पुनर्भेटीतच, म्हणजे चालू उपचारात भर म्हणून देता येतात, उदाहरणार्थ मधुमेहात मेटफॉर्मिनच्या जोडीला सिटाग्लिप्टिन. शेड्यूल एक्समधील, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेली, तसेच अमली आणि मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखालील औषधे निषिद्ध यादीत आहेत. इथला सापळा ‘पुनर्भेट’ या शब्दात आहे: तुम्ही स्वतः त्या रुग्णाला त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेले असेल, तरच ती पुनर्भेट. रक्तदाबासाठी येणारा जुना रुग्ण नव्याने सांधेदुखी सांगू लागला, तर त्या तक्रारीपुरता तो नवा रुग्ण होतो.

‘झोपेची गोळी तेवढी लिहा’ ही मागणी हमखास येते. अल्प्राझोलॅमसारखी गोळी व्हिडिओवरून लिहिता येत नाही, हे एकदा शांतपणे सांगितले की लोक समजून घेतात; नियमाचे कारण पुढे केल्यामुळे नात्यात कडवटपणाही येत नाही.

औषधाचे मूळ नाव सुवाच्य लिहा, सहीनिशी फोटो किंवा पीडीएफ रुग्णालाच पाठवा. दुकानदाराला थेट पाठवायचे असेल, तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्या. खाली मराठीत एक ओळ हवी: कोणती गोळी सकाळी जेवणानंतर, कोणती रात्री, आणि कोणती लक्षणे दिसली तर माझ्या पुढच्या कॉलची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. कॉल ठेवण्यापूर्वी हे रुग्णाकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घ्या. ‘कळलं’ या शब्दावर विसंबू नका. आपल्याकडे ‘कळलं’ हे बऱ्याचदा डॉक्टरांचा मान राखण्यासाठी म्हटले जाते.

९. नोंदी

कॉलची तारीख, वेळ, माध्यम, रुग्णाचे ठिकाण, सोबतची व्यक्ती, संमती, काय पाहता आले आणि काय पाहता आले नाही, हे सर्व त्याच दिवशी लिहून ठेवा. ‘पोट तपासता आले नाही, प्रत्यक्ष येण्यास सांगितले’ हे एक वाक्य उद्या तुमचा बचाव करू शकते. रुग्णाने पाठवलेले फोटो आणि रिपोर्ट वैयक्तिक फोनच्या गॅलरीत, मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी, पडू देऊ नका. कामासाठी स्वतंत्र फोन घ्या आणि फोटो रुग्णाच्या फाइलमध्ये हलवा. डॉक्टरांच्या गटात ‘बघा, काय केस आली’ म्हणून रुग्णाचा फोटो टाकणे हा गैरवर्तनाचा प्रकार आहे. कॉलचे चित्रीकरण परवानगीशिवाय करू नका.

१०. कॉल तुटला तर, आणि पावसाळ्यापूर्वी

सुरुवातीलाच सांगून ठेवा की कॉल तुटल्यास मीच साध्या फोनवर परत करीन, तुम्ही करू नका. नाहीतर दोघेही एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही लाइन व्यस्त मिळते. चित्र बंद पडून नुसता आवाज राहिला, तर नव्या तक्रारीचा निर्णय घेऊ नका, वेळ बदलून द्या.

पावसाळ्यासाठी मात्र वेगळी तयारी लागते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पाणी तिथवर जाईपर्यंत गगनबावड्याकडच्या आणि इतर अनेक रस्त्यांवरची वाहतूक बंद पडू लागलेली असते. २०१९ च्या महापुरात माझे कितीतरी रुग्ण पलीकडच्या गावांत अडकले आणि कोणाकडे किती दिवसांच्या गोळ्या शिल्लक आहेत, याचा मला पत्ताच नव्हता. आता दरवर्षी मे अखेरीस मी दुपारचे व्हिडिओ कॉल केवळ याच कामासाठी आठवडाभर राखून ठेवतो. नदीपलीकडच्या प्रत्येक जुन्या रुग्णाला महिनाभराची औषधे भरून ठेवायला सांगतो, वीज गेली तर इन्सुलिन कुपीसह कोरड्या डबीत घालून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात कसे ठेवायचे ते कॅमेऱ्यासमोर करून दाखवायला लावतो, आणि डायलिसिसवर असलेल्यांना पाणी चढण्याआधीच शहरातील नातेवाइकांकडे राहायला येण्यास सांगतो.

ही सर्व माहिती एका वहीत रकाने पाडून लिहावी: नाव, गाव, आजार, चालू औषधे, साठा किती, शेजारचा फोन. शेवटचा रकाना ‘पाणी आले तर कोणत्या बाजूचा दवाखाना’ असा ठेवावा आणि तो नकाशा पाहून न भरता रुग्णालाच विचारून भरावा, कारण नकाशावर तीन किलोमीटरवर दिसणारे गाव ओढा भरला की किती दूर जाते, हे त्यालाच माहीत असते.